मापाची बाहुली

बासष्टच्या थंडीत बंगळूरच्या बायकांना अचानक प्रथमोपचार शिकायचा उत्साह आला. सरहद्दीवर चीनशी लढाई पेटली होती, रेडिओवर दिवसभर तेच चाललेलं, आणि बसवनगुडीत घरोघरी जवानांसाठी लोकरीचे मोजे विणले जात होते. मोजे विणून झाल्यावर पुढे काय, तर प्रथमोपचार. सरकारी इस्पितळात वीस वर्षं नर्स म्हणून काढलेली आणि आपल्या भाषेत बोलणारी अशी मी एकटीच हाताशी होते. 'सुशीलाबाई, नाही म्हणायचं नाही,' असं बजावायला तिघीजणी घरी आल्या. नाही म्हणायला मला फार आवडतं, पण त्या दिवशी जमलं नाही.

वर्ग भरायचा गवीपुरातल्या विठ्ठलमंदिरामागच्या लांब खोलीत. वर कौलं, खाली लाल गुळगुळीत जमीन. डिसेंबरात ती इतकी गार पडायची की जमखाना घातला तरी गुडघे दुखायचे. एकुलत्या खिडकीतून केंपांबुधी तळं दिसायचं, आणि दुपार कलली की तिकडून शेवाळाच्या वासाचा वारा यायचा. बसवण्णाच्या देवळाची शेंगांची जत्रा नुकतीच होऊन गेली होती. रस्ताभर टरफलं पडलेली, आणि येणारी प्रत्येकजण पायांबरोबर ती आत आणायची. मी आधी केर काढायचे आणि मग शिकवायला लागायचे.

बँडेज, मोडलेल्या हाताला फळी बांधणं, भाजल्यावर काय करायचं, हे सगळं झकास पार पडलं. गाडं अडलं ते श्वासापाशी.

तोवर आम्ही शिकवायचो ते असं, की बुडालेल्या माणसाला पालथं घालायचं, पाठ दाबायची आणि कोपरं धरून हात वर ओढायचे. आता नवी पद्धत आली होती. तोंडाला तोंड लावून आपला श्वास त्याला द्यायचा. विजेचा धक्का बसलेला एक लाइनमन तसा परत आलेला मी स्वतः पाहिला होता, त्यामुळे माझ्या मनात शंका नव्हती. माणसाला उताणं झोपवा. मान मागे करा, हनुवटी वर उचला, म्हणजे घशावर पडलेली जीभ बाजूला होते. नाक चिमटीत धरा, तोंडावर तोंड घट्ट बसवा आणि त्याची छाती वर येईपर्यंत फुंका. तोंड बाजूला घ्या, छाती खाली बसू द्या, पुन्हा फुंका. लहान मूल असेल तर मान फार मागे न्यायची नाही. त्याचं नाक आणि तोंड दोन्ही आपल्या तोंडात घ्यायचं, आणि आपल्या गालात मावेल एवढीच हवा द्यायची. पोराला छातीभर श्वास दिलात तर मारून टाकाल. आणि हवेवाचून मेंदूला चार मिनिटं मिळतात, पाचवं मिळत नाही. हे मी इतक्या वेळा सांगितलं की बायका माझ्याआधीच पुटपुटायला लागल्या.

पण धडधाकट माणसावर याचा सराव करता येत नाही. म्हणून बाहुली हवी होती.

गांधीबझारातले कृष्णाजी शिंपी आमच्याच समाजाचे. फुटबॉलचा ब्लॅडर आणि रबरी नळ्या घेऊन मी त्यांच्या दुकानात गेले आणि काय हवं ते समजावलं.

"माप?" त्यांनी विचारलं.

"कुठलंही. लहान मुलाएवढी करा."

"कुठल्याही मापाचं काही शिवत नाही मी, अक्का. माप नसलं की माझी कात्री चालत नाही."

तेवढ्यात वरच्या माडीवर राहणारी, माझ्या वर्गातली प्रेमा मुलीला कडेवर घेऊन जिना उतरली. कृष्णाजींनी त्या पोरीला सरळ फळीवर उभं केलं आणि टेप लावली. उंची, छाती, गळा, खांदा. टेपेच्या गुदगुल्यांनी पोरगी खिदळत होती. "झालं," कृष्णाजी म्हणाले, "आता रोज येऊन डोकं खाऊ नका. सोमवारी देतो."

बाहुली सुरेख झाली. मांजरपाटाचं अंग, आत सावरीचा कापूस, छातीत ब्लॅडर आणि त्यातून निघालेली नळी. गळ्यात मी इस्पितळातली दोन फाट्यांची काचेची नळी बसवली, एक फाटा नाकात आणि दुसरा तोंडात. नाक उघडं राहिलं की हवा तिथून निसटायची आणि शिकणारीला आपली चूक कळायची. मिटलेले डोळे कृष्णाजींनी काळ्या रेशमानं भरले होते. ते मी सांगितलं नव्हतं.

प्रेमा बेळगावकडची. नवरा, जयसिंगराव, कारखान्यात पाळीवर जायचा. मुलीचं नाव यमुना, पण कानडी शेजारणी तिला बंगारी म्हणायच्या, म्हणजे आपली सोनी, आणि तेच नाव पडलं. वय तीन. तिला एक खोड होती, खोडच म्हणते मी. जोरात रडायला लागली की श्वास छातीत अडकायचा, ओठ निळे व्हायचे आणि पोर मान टाकायची. थोड्या वेळानं आपोआप शुद्धीवर यायची. अशी मुलं मी ढिगानं पाहिली आहेत. पाच वर्षांची झाली की हे थांबतं, असं मी प्रेमाला सांगितलं.

"माझी थोरली अशीच रडता रडता गेली, अक्का," ती म्हणाली. "तिच्या वेळी बी डॉक्टरांनी असंच सांगितलं होतं."

बँडेजच्या वर्गात प्रेमा वेठीला धरल्यासारखी बसायची. तिला फक्त श्वास शिकायचा होता. बंगारीला कुणी रडवू नये म्हणून ती पोरीच्या मागे मागे फिरायची. हातातलं खेळणं पडलं तर ते जमिनीवर आपटायच्या आत उचलायची.

बाहुली आणली त्या दिवशी मी आधी करून दाखवलं, स्पिरिटनं तोंड पुसलं आणि म्हटलं, या आता एकेक. कुणी जागची हलेना.

"पुसलंय मी."

"पुसलं तरी एंजलु ते एंजलुच," मागून कुणीतरी म्हणालं. एंजलु म्हणजे उष्टं. हा शब्द आमच्या घरांतून कानडीतच ऐकू यायचा.

मी भडकले. उद्या तुमचं पोर तळ्यातून बाहेर काढलं तर तेव्हाही सोवळं सांभाळणार का, असं विचारलं. सगळ्यांनी माना खाली घातल्या, पण उठली एकटी प्रेमाच. तिचं तोंड लागल्यावर तर बाकीच्या आणखीच मागे सरकल्या.

"सुशीला, स्वल्प थांब." तुंगाबाई बोलल्या. वर्गात सगळ्यांत वडील त्या, आणि मला एकेरी हाक मारणाऱ्याही त्या एकट्याच. "कापडाला दहा बायकांची तोंडं लागली तर ते एंजलु. पण लेकराचे दहा बायकांनी मुके घेतले, तर लेकरू काय एंजलु होतं?"

"नाही."

"मग हिला लेकरू करू या. सरी? चालेल ना?"

दुसऱ्या दिवशी त्या हळदकुंकू, काजळ आणि अक्षता घेऊन आल्या. घरी गौर बसवताना करतात तसं बाहुलीच्या डोळ्यांना काजळ लावलं, कपाळी कुंकू टेकवलं. मग उजवा तळवा तिच्या छातीवर ठेवून प्राणप्रतिष्ठेचा मंत्र पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हटला. त्यांचा नवरा दर गणेशचतुर्थीला म्हणायचा, ऐकून ऐकून त्यांना पाठ झाला होता. बायकांनी हात जोडले. बाहुलीचं डोकं हलू नये म्हणून मी धरलं होतं आणि मनातल्या मनात हसत होते.

पण तोडगा लागू पडला. बायका ओळीनं आल्या. नाक-तोंड दोन्ही झाकून, गाल फुगवून, बेतानं फुंकायला लागल्या. इस्पितळात मी देवाच्या नावावर कितीतरी औषधं लोकांच्या गळी उतरवली होती, तेव्हा मला यात काही वावगं वाटलं नाही.

ओळ संपल्यावर मी स्वतः एकदा फुंकून पाहिलं. ब्लॅडरमधून परत येणारी हवा गार असते आणि तिला टायरचा वास येतो. ती हवा माझ्या गालावर आली ती कोमट होती, आणि तिला दुधाचा वास होता. इतक्या बायकांनी फुंकल्यावर कोमट होणारच. कुणीतरी दूध पिऊन आली असेल.

बाहुली मी कपाटात उभी ठेवायचे. दुसऱ्या दिवशी कपाट उघडलं तर तिच्या तोंडाभोवतीचं कापड ओलं होतं. थंडीत काचेच्या नळीवर बाष्प धरतं. मी ते पुसलं. नंतरच्या दिवशीही पुसलं. मग कपाट उघडलं की आधी पुसायचं, ही सवयच लागून गेली.

एकदा वर्ग सुटल्यावर प्रेमा घुटमळली.

"अक्का, बंगारीला मी शेजारी ठेवून येते की. शेजारीण म्हणते, रोज चारच्या पुढं हिला उचक्या लागतात. आपला वर्ग संपला की थांबतात."

"मुलांना उचक्या लागतात."

"उचक्या नव्हेत म्हणते ती. कुणी आत फुंकल्यागत छाती वर येते म्हणते."

"मग शेजारणीकडे ठेवू नकोस. इकडे आण," मी म्हटलं. मला वाटलं, एवढ्यानं विषय मिटला.

त्यानंतर बंगारी वर्गात यायला लागली. गुणाची पोर. खिडकीखाली बसून टरफलांशी खेळायची. बाहुलीकडे ती एकदाही गेली नाही. बायकांबरोबर येणाऱ्या बाकी पोरांना मात्र बाहुलीपासून हाकलावं लागायचं.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी बायका एकमेकींना द्यायला एळ्ळु-बेल्ला, म्हणजे तीळगूळ-खोबऱ्याच्या पुड्या, आणि साखरेच्या साच्यातली चित्रं घेऊन आल्या. बंगारीच्या हातात कुणीतरी साखरेचा पोपट दिला. ऊन खिडकीतून आत आलं होतं आणि खोली नेहमीपेक्षा उबदार होती. बाहुलीपाशी तुंगाबाईंची पाळी चालू होती.

पोपट पडला आणि त्याची मान तुटली.

प्रेमा धावली, पण उशीर झाला होता. बंगारीनं तोंड उघडलं, एक किंकाळी मारली, दुसरीसाठी छाती भरली आणि तो श्वास बाहेर आलाच नाही. ओठ निळे झाले. मग कानाच्या पाळ्या. ती आईच्या हातांतच मऊ पडली.

"खाली ठेव," मी म्हटलं. "आत्ता येईल शुद्धीवर."

आली नाही. मी तिच्या छातीला कान लावला. ठोका होता, पण लांब. श्वास नव्हता.

मी तिची मान थोडी मागे केली, हनुवटी उचलली, नाक आणि तोंड माझ्या तोंडात घेतलं आणि गालभर हवा दिली. नजर तिच्या छातीवर. छाती हलली नाही.

जीभ पाहिली. घसा मोकळा होता. मान पुन्हा नीट केली, पुन्हा फुंकलं.

मागे कुणीतरी ओरडलं.

मी वळून पाहिलं. सगळ्या बायका भिंतीला टेकल्या होत्या. तुंगाबाई बाहुलीपासून हातभर दूर सरकून बसल्या होत्या. बाहुलीपाशी कुणीच नव्हतं. आणि बाहुलीची छाती वर आलेली होती. माझ्यादेखत ती हळूहळू खाली बसली.

मी बंगारीला पुन्हा श्वास दिला. या वेळी डोळे बाहुलीवर ठेवले.

बाहुलीची छाती वर आली.

मी काय करायला हवं होतं? वीस वर्षांत मला हे कुणी शिकवलं नव्हतं. माझे हात पोरीच्या हनुवटीवरच राहिले.

प्रेमानं मात्र विचार केला नाही. ती गुडघ्यांवर रांगत बाहुलीपाशी गेली. बाहुलीचं नाक-तोंड तिनं आपल्या तोंडात घेतलं आणि फुंकलं. अगदी मी शिकवलं होतं तसं, बेतानं, गालाएवढं.

माझ्या हाताखाली बंगारीची छाती वर आली.

प्रेमानं तोंड उचललं. छाती खाली बसली. तिनं पुन्हा फुंकलं. ती फुंकत राहिली आणि पोरीचे ओठ निळ्याचे जांभळे, जांभळ्याचे लाल झाले. मग बंगारी खोकली, उठून बसली आणि तुटलेला पोपट शोधायला लागली.

तुंगाबाई पिशवीतून अक्षता काढत हलक्या आवाजात म्हणाल्या, "चुकलं आपलं. बोलावलं, पण निरोप दिला नाही. आत्ताच्या आत्ता उत्तरपूजा करू. अक्षता टाकून हलवते तिला. जीव आला तिथं परत जाऊ दे."

"कुणाचा जीव, अक्का?" प्रेमानं त्यांना विचारलं.

तुंगाबाईंच्या मुठीतल्या अक्षता मुठीतच राहिल्या. प्रेमानं एका कडेवर मुलगी घेतली, दुसऱ्या कडेवर बाहुली, आणि ती निघून गेली. तिला अडवायची माझी हिंमत झाली नाही, आणि खरं सांगायचं तर इच्छाही नव्हती.

वर्ग तिथंच मोडला. मी घरी येऊन सगळ्याचा नीट विचार केला. घाईत पोरीची मान आधी चुकली असेल, नंतर बसली असेल. जमखाना एकच होता. मी फुंकताना पुढे झुकले की तो ओढला जाऊन पलीकडचा ब्लॅडर दबत-सुटत असेल. असा झटका आलेली मुलं आपोआपच शुद्धीवर येतात, तशी ही आली. हे सगळं पटण्याजोगं आहे. अजूनही मी ते कुणालाही पटवून देऊ शकते.

प्रेमाकडे मी अधूनमधून जात राहिले. तिनं बाहुलीला पाळण्यात ठेवलं होतं. सकाळ-संध्याकाळ ती तिच्यात श्वास भरून नाका-तोंडाच्या नळ्यांना बुचं लावायची. न्हाऊन, केस बांधून, देवापुढे दिवा लावल्यावर. जयसिंगराव आधी चिडायचा, मग बोलेनासा झाला. कारण बंगारीला पुन्हा झटका आला नाही. एकदाही नाही. पोर शाळेत जायला लागली, पावकीचे पाढे म्हणायला लागली. रडायची मात्र नाही. पडली, गुडघा फुटला, तरी उठून धूळ झटकायची. शहाणी झाली, असं मी म्हणायचे. या वयात झटके थांबतातच, हेही म्हणायचे. प्रेमा ऐकून घ्यायची आणि संध्याकाळी पाळण्याशी जायची. चौसष्टच्या उन्हाळ्यात तुंगाबाई वारल्या. बाहुलीला निरोप देणारं आता कोणी उरलं नव्हतं.

सहासष्टच्या श्रावणात प्रेमा माझ्या दारात उभी राहिली. तिचा चेहरा पाहून मी तिला आधी बसवलं.

"भरलेलं राहीना हो, अक्का. सकाळी भरते, दुपारपर्यंत बसतं. काल शाळेतनं बोलावून घेतलं तिला. रात्रभर उशाशी बसले. घटकेघटकेला फुंकतेय."

"रबर विरलं. चार वर्षं टिकलं हेच पुष्कळ. नवा घालू."

"नवा घालायचा तर जुना काढायला लागंल की." ती माझ्याकडे बघत राहिली. "काढल्यावर, नवा बसेपर्यंत..."

मला हसू यायला हवं होतं. त्याऐवजी मी म्हटलं, "चार मिनिटं आहेत आपल्याजवळ."

पेटेतल्या, म्हणजे जुन्या बाजारपेठेतल्या, दुकानातून मी नवा ब्लॅडर आणला. कृष्णाजींचे हात आता थरथरायचे, त्यांना हे काम झेपलं नसतं. म्हणून आम्ही दोघी माझ्या घरी एका उशीवर तालीम करत बसलो. मी टाके उसवायचे, जुना काढून नवा नळीवर चढवायचा आणि दोऱ्यानं बांधायचा. प्रेमानं शिवायचं आणि लगेच फुंकायचं. दिवसभर केलं. शेवटी शेवटी तीन मिनिटांच्या आत व्हायला लागलं.

रविवारी सकाळी जयसिंगराव कामावर होता. माडीवरच्या खोलीत ऊन आलं होतं, खाली कृष्णाजींचं मशीन चालल्याचा आवाज येत होता. आम्ही चटईवर बाहुलीला उताणं ठेवलं. गजराचं घड्याळ समोर होतं. बंगारी भिंतीला पाठ लावून बसली होती. सात वर्षांची, दोन वेण्या, शाळेचा निळा झगा. तिला आईनं सांगितलं होतं, किंवा सांगावं लागलं नव्हतं.

"मावशी, मी तोंड मिटून बसते," ती म्हणाली. "तुम्ही करा."

तिनं छाती भरून घेतली, ओठ घट्ट मिटले आणि मान हलवली.

मी टाके उसवले, बुचं काढली. ब्लॅडरमधली हवा सुस्कारा टाकून निघून गेली. प्रेमानं डोळे मिटले.

रबर निघेना.

उशीत ते सहज निघत होतं. इथं चार वर्षांत ते वितळून कापसाला चिकटलं होतं. ओढलं की तुकडा हातात यायचा. मी बोटांनी खरवडायला लागले. काचेच्या नळीवर एक कडं घट्ट बसलं होतं, ते नखांनी सोलून काढलं.

घड्याळाकडे मी बघत नव्हते, पण प्रेमा बघत होती. "तीन," ती म्हणाली.

मग "चार."

मी नवा ब्लॅडर चढवला. दोरा निसटला. पुन्हा गुंडाळला, गाठ मारली. प्रेमाच्या हातात सुई होती, पण दोरा सुईतून सुटून आला होता. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं आणि नेढं तिला दिसत नव्हतं. ती दोरा ओवायला जायची, तो बाजूनं जायचा. पुन्हा. पुन्हा.

पाचवं मिनिट गेलं. सहावंही गेलं. मी बंगारीकडे पाहायचं टाळत होते. शेवटी पाहिलं.

ती उठली होती. ओठ मिटलेलेच होते. तिनं आईच्या हातातून सुई घेतली, उजेडाकडे धरली आणि पहिल्याच खेपेला दोरा ओवून आईच्या हातात दिली. परत जाऊन भिंतीशी बसली. तिचे ओठ निळे नव्हते. गाल लाल होते. छाती जराही हलत नव्हती.

प्रेमानं हे पाहिलं नाही. तिनं सुई पकडली आणि शिवत सुटली, वेडेवाकडे, मोठे टाके. मग बाहुलीवर वाकून तिनं फुंकलं. बाहुलीची छाती वर आली.

बंगारीची आली नाही.

तिनं एकदा आईकडे पाहिलं, एकदा बाहुलीकडे. मग आठवण झाल्यासारखं घाईघाईनं तोंड उघडलं, मोठ्यानं धाप लागल्यासारखं केलं आणि खांदे वर-खाली हलवले. प्रेमा बाहुली सोडून तिच्याकडे झेपावली. तिला छातीशी धरून ओक्साबोक्शी रडायला लागली. "आलं गं माझं बाळ, आलं, आलं," म्हणत तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. त्या हाताखाली बंगारी खांदे हलवत होती. आईच्या खांद्यावरून ती माझ्याकडे बघत होती.

थोड्या वेळानं प्रेमा देवापुढे दिवा लावायला आत गेली. मी चटईवरचे रबराचे तुकडे गोळा करत होते. बंगारी माझ्याजवळ आली, गुडघ्यांवर बसली आणि माझ्या मानेला मिठी मारली.

"आईला सांगू नका हं, मावशी," ती हळूच म्हणाली. "ती फार घाबरते."

तिचे ओठ माझ्या कानाला टेकले होते. प्रत्येक शब्द स्पष्ट ऐकू आला. कानाला वाफ लागली नाही.